स्टेट, इस्टेट आणि सुरगाणा

इंग्रजीतले लांबलचक शब्द तसे गरीब असतात. एकदा अर्थ पाठ केला की पुन्हा त्रास देत नाहीत. वांदे करतात ते छोटे शब्द. सेट, रन, टेक, गेट... शब्दकोशात यांच्या अर्थांची रांग लागलेली असते. 'स्टेट' हा त्यातलाच एक. आमच्या धंद्यात तर तो दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. प्रोग्रॅम कुठल्या स्टेटमध्ये अडकलाय, स्टेट कुठे साठवायची, सर्व्हर स्टेटलेस आहे का, वगैरे वगैरे.

मध्यंतरी एका विकांताला सहज म्हणून या शब्दाचे मराठी प्रतिशब्द लिहायला घेतले. राज्य. संस्थान. शासन. राज्यसंस्था. अवस्था. स्थिती. दशा. क्रियापद असेल तर सांगणे, मांडणे, निवेदन करणे. म्हणजे इंग्रजांनी एका शब्दात भागवलं तिथे आपल्याला आठ-दहा लागतात. (याचा अभिमान बाळगायचा की वैताग मानायचा ते ज्याने त्याने ठरवावं.)

मग डोक्यात किडा वळवळला. हे सगळेच्या सगळे अर्थ ज्याच्या वाट्याला आले असं एखादं ठिकाण असेल का? विचार करता करता नाव सापडलं ते आमच्याच नाशिक जिल्ह्यातलं: सुरगाणा. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मंडळींनी हा तालुका पाहिलेला असतो, पण गाडीच्या काचेतून. लाँग वीकेंडला नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याला जाताना बोरगाव लागतं, हातगडचा किल्ला दिसतो, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे खोके मांडलेले असतात, तो हा तालुका. त्याच्या पलीकडे गुजरात. सुरगाण्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थी 'स्टेट' या शब्दाचे अर्थ बदलत गेल्याचाच इतिहास आहे.

आधी थोडी व्युत्पत्ती. कंटाळा येणार नाही इतकीच.

लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. त्यावरून 'स्तातुस', म्हणजे उभं राहण्याची रीत, स्थिती, पत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'एस्तात' झालं आणि इंग्रजीत त्याची दोन पोरं जन्मली, 'स्टेट' आणि 'इस्टेट'. तिसरं 'स्टेटस' थेट लॅटिनमधून आलं, जे आपण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. गंमत म्हणजे संस्कृतमधला 'स्था' धातू या 'स्तारे'चा सख्खा चुलतभाऊ. दोघांचं मूळ एकच. म्हणजे स्थान, स्थिती, अवस्था आणि संस्थान हे सगळे 'स्टेट'चे नातेवाईक निघाले! ज्या कोणी 'प्रिन्स्ली स्टेट'ला मराठीत संस्थान म्हणायचं ठरवलं, त्याला हे माहीत असो वा नसो, नेम अचूक बसला होता.

'उभं राहणं' याचा अर्थ 'सत्ता' कसा झाला? सोळाव्या शतकातल्या इटलीत मॅकियाव्हेलीने 'द प्रिन्स' लिहिलं, त्यात 'स्तातो' हा शब्द सतत येतो. कधी त्याचा अर्थ राजाचं आसन, त्याची पकड असा होतो, तर कधी त्याच्या ताब्यातला मुलूख असा. राजा टिकून उभा आहे तोवर राज्य उभं आहे, असा हा हिशोब. पुढे हळूहळू राजा बाजूला झाला आणि उभं राहणारी ती यंत्रणा तेवढी उरली. तिला आज आपण शासन म्हणतो.

आता सुरगाण्याकडे येऊ.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज या डोंगराळ पट्ट्यात आले. तेव्हा सुरगाण्यात देशमुखांची सत्ता होती. 'देशमुख' हा मुळात परगण्याचा वतनदार. वसूल गोळा करायचा, आपला हक्क घ्यायचा, वर जमा करायचा. देशावर असे देशमुख गावोगाव होते आणि त्यांना कोणी राजा म्हणत नव्हतं. पण घाटाच्या तोंडावरच्या या जंगलात, जिथे कुठल्याच दरबाराचा हात नीट पोचत नव्हता, तिथे सुरगाण्याचा देशमुख बऱ्यापैकी स्वतंत्र होता. इंग्रजी दफ्तरात त्याची नोंद झाली 'सुरगाणा स्टेट' अशी. सुमारे ३६० चौरस मैलांचं हे संस्थान. सलामीच्या तोफा नाहीत, थाटमाट नाही. बराच काळ नाशिकचा कलेक्टर हाच त्याचा पोलिटिकल एजंट असे.

शेजारी काय होतं ते पाहिलं की या नोंदीचं वजन कळतं. दक्षिणेला पेठ. तेही संस्थान होतं, पण १८७८ साली तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर ते खालसा झालं आणि इंग्रजी मुलखात गेलं. उत्तरेला आणि पश्चिमेला डांग. तिथे भिल्ल राजे होते. इंग्रजांनी १८४२ साली त्यांच्याकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं, कारण गोदीला आणि जहाजांना साग हवा होता. त्या राजांच्या वारसांना आजही दरवर्षी होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात मानधन मिळतं. थोडक्यात, डोंगर तेच, सागही तोच. माणसंही बरीचशी तीच, कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी. पण कागदावर एक जण 'स्टेट', दुसरा खालसा मुलूख आणि तिसरा भाडेपट्टा.

आणि 'स्टेट' तरी सगळ्यांना सारखं लागू होतं का? मुळीच नाही. १९२७ साली इंग्रजांनी हार्कोर्ट बटलरच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, तिचा अहवाल १९२९ मध्ये आला. त्यात संस्थानांची मोजदाद आहे, एकूण ५६२. शाळेत आपण पाठ केलेला आकडा हाच. पण त्या यादीचे तीन भाग होते. पहिल्या भागातल्या १०८ संस्थानिकांना नरेंद्रमंडळात स्वतःच्या हक्काने जागा. पुढच्या १२७ जणांचे मिळून १२ प्रतिनिधी. आणि उरलेले ३२७? त्यांचं शीर्षक 'इस्टेट्स, जहागिरी आणि इतर'. म्हणजे अर्ध्याहून जास्त 'स्टेट' प्रत्यक्षात 'इस्टेट' होत्या. लॅटिनमधली ती दोन भावंडं इथे पुन्हा भेटली. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. स्टेट म्हटलं की रयत येते आणि रयतेचे काही तरी हक्क येतात. इस्टेट म्हटलं की फक्त मालक आणि मालमत्ता. मराठीत 'बापाची इस्टेट' म्हणतो ते याच अर्थाने.

आता या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग. १९४७ च्या जुलैमध्ये दिल्लीत सरदार पटेलांच्या हाताखाली 'स्टेट्स डिपार्टमेंट' सुरू झालं. इथे स्टेट्स म्हणजे संस्थानं. इंग्रजी मुलखाचे जे भाग होते त्यांना स्टेट म्हणत नसत, ते 'प्रॉव्हिन्स', प्रांत. मुंबई हा प्रांत होता. १९४८ साली सुरगाणा या मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे 'स्टेट' संपली. पुढे दोनच वर्षांत, २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली आणि तिने मुंबई प्रांतालाच 'स्टेट' करून टाकलं. डिसेंबर १९५३ मध्ये 'स्टेट्स रीऑर्गनायझेशन कमिशन' नेमलं गेलं तेव्हा 'स्टेट्स'चा अर्थ पूर्ण बदलला होता. सहा वर्षांपूर्वी याच शब्दाने संस्थानिकांशी वाटाघाटी झाल्या होत्या, आता त्याच शब्दाने भाषावार राज्यांच्या सीमा आखायच्या होत्या. इंग्रजीत स्पेलिंग तेच. मराठीत मात्र आपण सरळ शब्द बदलला. आधी संस्थान, आता राज्य. त्यामुळे मराठीतून इतिहास वाचणाऱ्याला हा सांधाबदल जाणवतही नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव तेच ठेवून कोणी तरी त्याचा टाइप बदलला. असल्या बदलाने काय काय मोडतं ते प्रोग्रॅमर मंडळींना वेगळं सांगायला नको. :-)

आणखी एक योगायोग बघा. सुरगाणा 'स्टेट' संपली त्याच १९४८ साली, १ जूनला, पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) एस.टी.ची पहिली बस निघाली. एस.टी. म्हणजे स्टेट ट्रान्स्पोर्ट. तेव्हा मुंबई प्रांतच होता, मग हे 'स्टेट' कुठलं? तर सरकारचं, सार्वजनिक. १९५५ च्या जुलैत इम्पीरियल बँकेची 'स्टेट बँक' झाली त्यातलंही स्टेट हेच. नकाशावरचा तुकडा नव्हे, तर तुमच्यासाठी काही तरी चालवणारी यंत्रणा. खेड्यातल्या माणसाला शासन पहिल्यांदा दिसलं असेल ते बहुधा धुळीने माखलेल्या एस.टी.च्या रूपात. (आणि सुरगाण्यात एस.टी.चा दुसरा अर्थही आहेच, शेड्यूल्ड ट्राइब. तालुक्यातली बहुसंख्य माणसं अनुसूचित जमातींची. एस.टी.ची वाट बघणारे एस.टी.!)

स्टेटचे हे दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत हे ज्यांना पक्कं कळत होतं त्यांत डॉ. आंबेडकर होते. १९४७ च्या त्यांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये दोन्ही आहेत. एक, देशाचे घटक म्हणून स्टेट्स. दुसरी, शेती आणि मोठे उद्योग स्वतःच्या मालकीने चालवणारी स्टेट. पुढे १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी बजावलं की एका राज्यात एक भाषा असावी हे ठीक, पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे असं मुळीच नाही. मराठी मुलखाचे त्यांनी चार भाग सुचवले होते, मुंबई शहर धरून. त्यांना घोर होता तो राज्य केवढं असावं आणि त्यात अल्पसंख्य माणसाची सुरक्षितता किती असेल याचा. नकाशाला कुठला रंग द्यायचा हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा.

पण १९५० च्या दशकात रंगाचाच प्रश्न पेटला होता. सुरगाण्याच्या शेजारचं डांग कोणाचं? १९४९ मध्ये बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई तिथे जाऊन आले आणि तिथली बोली गुजराथीला जवळची असल्याचा निर्वाळा दिला गेला. मराठी बाजूने यावर रान उठवलं. लोक बोलत होते ती डांगी. डोंगराच्या अलीकडे तिला मराठीची बोली म्हणायचं आणि पलीकडे गुजराथीची. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागण्यांत डांग होतं. १ मे १९६० ला ते गुजरातेत गेलं आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिलं. लग्नं, बाजार आणि देव मात्र दोन्हीकडे सारखेच राहिले. त्यांना कोणी सीमारेषा दाखवली नव्हती.

इथवर मी सांगितलं ते नकाशावरच्या स्टेटबद्दल. पण घटनेत आणखी एक स्टेट आहे. बाराव्या अनुच्छेदात मूलभूत हक्कांसाठी स्टेटची व्याख्या दिली आहे. केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, स्थानिक संस्था, सगळे मिळून. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हिलाच राज्यसंस्था म्हणतात. तलाठी, वनरक्षक, ग्रामपंचायत हे सगळे तिचे हातपाय. तुमचा हक्क मोडला तर जाब विचारायचा तो हिला.

सुरगाण्याच्या माणसाची गाठ या स्टेटशी पडते ती जंगलात. आजोबा जे खाचर कसत होते ते कागदावर वन खात्याचं. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, कसणाऱ्याच्या नावावर करता येईल. आधी ग्रामसभेपुढे दावा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. कागदावर उत्तम डिझाइन. प्रत्यक्षात दावे रखडले, फेटाळले गेले, किंवा चार एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा कागद आला.

इथे मला माझ्या धंद्यातला शब्द आठवतो, 'स्टेटलेस'. वेबचा एचटीटीपी प्रोटोकॉल स्टेटलेस आहे, म्हणजे त्याला आधीचं काहीच आठवत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही आपली सगळी ओळख नव्याने घेऊन दारात जायचं. मागच्या वेळी आपण काय बोललो होतो? सर्व्हरला पत्ता नाही. म्हणून तर कुकीची सोय करावी लागली. सरकारी कचेरी मला पुष्कळदा अशीच वाटते. साहेब बदलला की पाटी कोरी. दावेदाराने तेच पुरावे, त्याच झेरॉक्स, तोच नकाशा घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आठवण ठेवायची सगळी जबाबदारी ज्याच्याकडे कागद कमी आहेत त्याच्यावर. स्टेटच जर स्टेटलेस असेल तर काय करायचं?

मार्च २०१८ मध्ये याचं एक उत्तर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. किसान सभेचा लाँग मार्च ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत पोचला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. सुरगाण्याचे जे. पी. गावित हे त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण नको म्हणून हे लोक शेवटचा टप्पा रात्री चालले. फोड आलेल्या पायांचे फोटो तुम्हालाही आठवत असतील. पहिली मागणी वनजमिनीची होती. आणि आणखी एक मागणी होती जिच्याकडे शहरात फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही: नार-पारसारख्या पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांचं पाणी अडवून आधी इथल्या माणसांना द्या. सरकारने लेखी आश्वासन दिलं. २०१९ आणि २०२३ मध्ये मोर्चे पुन्हा निघाले, यावरून त्या आश्वासनाचं काय झालं याचा अंदाज बांधता येतो.

पाण्याची गोष्ट तर वेडं करणारी आहे. पावसाळ्यात इथे इतका पाऊस कोसळतो की समोरचा डोंगर दिसत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झिऱ्याकाठी रात्र काढतात. बोरगावला चहा पिताना टपरीवाल्या काकांना मी विचारलं होतं, "काका, एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे?" ते हसून म्हणाले, "येतं ना दादा. फकस्त थांबत नाही." पाणी थांबवायचं तर बंधारे हवेत, आणि बंधारे बांधायचे तर शासन हवं. त्याऐवजी पाण्यावर चर्चा होते ती कुठल्या राज्याचं म्हणून. २०१० मध्ये केंद्र, गुजरात आणि महाराष्ट्र यांनी पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. आदिवासींच्या विरोधानंतर २०२२ मध्ये गुजरातने तो सोडत असल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने नार-पार-गिरणा योजनेला मान्यता दिली, म्हणजे पाणी पूर्वेला, गिरणेच्या खोऱ्यात. पश्चिमेला की पूर्वेला यावर वर्षानुवर्षं वाद झाला. जिथे ते पडतं तिथे किती थांबणार, हा प्रश्न दोन्ही वेळा शेवटी आला.

आता २०२२ च्या अखेरीला काय झालं ते सांगतो. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सांगलीतल्या जतच्या गावांवर दावा सांगितला आणि सीमावाद पुन्हा तापला. त्याच सुमाराला सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या पन्नासहून जास्त गावांच्या वतीने तहसीलदारांना निवेदन दिलं गेलं. रस्ते, पाणी, वीज, दवाखाना देता येत नसेल तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या, असा त्याचा मतलब. दोन दिवस टीव्हीवर गदारोळ. अस्मिता, संयुक्त महाराष्ट्र, हुतात्मे, सगळं निघालं. एवढी गावं महाराष्ट्र सोडायला निघालीच कशी!

मला वाटतं, इथेच त्या चार-पाच अक्षरी इंग्रजी शब्दाने आपला घात केला. बातमी 'स्टेट बदलण्याची' होती आणि आपण ती नकाशावरच्या अर्थाने वाचली. लोक बोलत होते ते दुसऱ्या अर्थांबद्दल. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर पलीकडचा रस्ता बरा, असं म्हणणारा माणूस महाराष्ट्राच्या नकाशाशी भांडत नसतो. तो शासन मागत असतो. आपली स्थिती बदला म्हणत असतो. राज्य, शासन, अवस्था असे तीन वेगळे शब्द हाताशी असूनही आपण मराठीत विचार न करता इंग्रजीचा घोळ जसाच्या तसा उचलला. ज्या भाषेच्या नावाने राज्य मागितलं, त्या भाषेने दिलेला फरक तेवढा वापरायचा राहून गेला.

इंग्रजाने देशमुखाला 'स्टेट' म्हटलं, दिल्लीने ती विलीन केली, घटनेने मुंबईला 'स्टेट' केलं, १९६० ने सीमा आखली. प्रत्येक वेळी नावं देणारे दुसरेच होते आणि सुरगाण्याच्या माणसाला नवीन अर्थाची खबर उशिराने लागत होती. नाही म्हणायला शब्दकोशातला एक अर्थ तेवढा त्यांनी स्वतःहून वापरला आहे, आणि तो नाम नाही, क्रियापद आहे. टू स्टेट. सांगणे, मांडणे, निवेदन देणे. २०१८ ला चालत जाऊन दिलं, २०२२ ला तहसीलदारांच्या टेबलावर ठेवलं.

असो. पुढच्या वेळी सापुताऱ्याला जाल तेव्हा हातगडापाशी दोन मिनिटं थांबा. पुढे काही अंतरावर गुजरातची पाटी लागेल. पाटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा रस्ता नीट बघा, आणि अलीकडे कोणाशी तरी दोन शब्द बोला. ते काय सांगतात ते ऐकायला शब्दकोश लागत नाही.